शॉर्टस्टॉपची जागा

लीड्सला शिकायला गेले तेव्हा बेसबॉल मी फक्त टीव्हीवर पाहिला होता. फ्रेशर्स वीकमध्ये बेसबॉल क्लबच्या स्टॉलवर फुकट पिझ्झा होता, म्हणून नाव दिलं. क्लबचा कॅप्टन तिथेच जन्मलेला मराठी मुलगा निघाला. पहिल्याच मॅचमध्ये मी चेंडू टोलवला आणि बॅट घट्ट धरून पळत सुटले. क्रिकेटमध्ये टेकवतात तशी ती पहिल्या बेसच्या चौकोनी गादीला टेकवली आणि ऐटीत थांबले. पाय मात्र हातभर मागे! आउट.

"अगं, बॅट टाक! पाय लावायचा असतो!" कॅप्टनने कपाळावर हात मारला.

"मग आधी सांगायचं!" मीही सुनावलं.

बॅटिंगमध्ये मी पुढेही फारसा उजेड पाडला नाही. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे शॉर्टस्टॉप उभा असतो, तिथे सगळ्यात जास्त चेंडू येतात. त्या जागी मला उभं केलं आणि सगळे बघतच राहिले. माझ्याकडून चेंडू सुटेचना. सुटेल कसा? पुण्यात आमच्या गल्लीत नियमच होता, ज्याच्या हातून सुटला त्यानेच तो गटारातून काढायचा. हात चुकला तर गुडघा, गुडघा चुकला तर पोट, पण चेंडू मागे जाऊ द्यायचा नाही. दोन वर्षं ती जागा माझी होती आणि मला तिचा भारी गर्व होता. का नसावा?

तिसऱ्या वर्षी एक अमेरिकन मुलगा एक्स्चेंजवर आला. लहानपणापासून शॉर्टस्टॉपच खेळलेला. त्याची फेक बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तू खूप चांगली खेळते. तो पण खेळतो," कॅप्टन म्हणाला. "सो, शनिवारी ट्रायल."

"घे की! घाबरतंय कोण?"

घाबरले होते. शनिवारी सकाळी तासभर आधीच मैदानावर जाऊन उभी राहिले.

आमचं मैदान रग्बीवाल्यांनी पार उकरून ठेवलं होतं. कॅप्टन आम्हा दोघांना आळीपाळीने सरपटी चेंडू मारत होता. अमेरिकन ग्लोव्ह अगदी बरोबर जागी ठेवायचा आणि चेंडू खड्ड्यात आपटून भलतीकडेच उडायचा. मला एक हनुवटीवर बसला, एक नडगीवर, पण मागे एकही गेला नाही.

"शॉर्टस्टॉप तूच," कॅप्टन म्हणाला. मी नाचायचीच बाकी होते. अमेरिकन दुसऱ्या बेसवर जाऊन उभा राहिला.

पुढच्याच मॅचमध्ये, शेवटच्या डावात, आम्ही एका रनने पुढे होतो. तीन आउट झाले की डाव संपतो; समोरच्यांचा एक आउट झालेला, एक धावायच्या तयारीत पहिल्या बेसवर. चेंडू सणसणत माझ्याकडे आला. अडवला आणि दुसऱ्या बेसकडे फेकला. अमेरिकन तिथे होताच. त्याने चेंडू झेलून बेसला पाय लावला आणि हवेतच वळून तो पहिल्या बेसकडे असा फेकला की धावणारा आणि बॅटवाला, दोघेही बेसवर पोचायच्या आत आउट! मॅच संपली.

दोन वर्षांत मला हे एकदाही जमलं नव्हतं. जमणार कसं? माझी फेक झेलून पुढे पोचवणारं तिथे कोणी नव्हतंच. आठवडाभर ज्याच्यावर दात खात होते, धावत जाऊन त्याच्याच गळ्यात पडले.