ताईला आणायला भिलाईला: ग्रॅनोल्याचा फसलेला बेत

भिलाईला कोणी फिरायला जात नाही, हे मलाही ठाऊक आहे. मी गेले ते माझ्या मोठ्या बहिणीला नागपूरला घेऊन यायला. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं आणि तिचा एकच हट्ट होता, शोभा जवळ पाहिजे. ताईचं फोनवरचं उत्तर ठरलेलं, यांच्या नाश्त्याचं कोण पाहील? भाऊजी स्टील प्लांटमध्ये, शिफ्टची ड्युटी. म्हटलं, नाश्त्यावरच गाडं अडलं असेल तर नाश्त्याचीच सोय लावून येते. ग्रॅनोला करून ठेवायचा, म्हणजे भाजलेले ओट्स, बदाम आणि बियांचा गुळातला कोरडा नाश्ता, बरणीत कितीही दिवस टिकतो.

नागपूरहून निघणार असाल तर सकाळची गाडी धरा. डोंगरगडला टेकडीवरचं मंदिर खिडकीतून दिसतं, तेवढ्यासाठी जागे राहा. दुर्गला उतरून ऑटो करा आणि ऑटोवाला पहिल्यांदा जे भाडं सांगेल त्यावर नुसतं हसा. ताई राहते त्या सेक्टर दोनचे रुंद रस्ते आणि दोन्हीकडची झाडं पाहून जीव सुखावतो.

ताईने दार उघडलं ते ओठांवर बोट ठेवून. भाऊजी नाईट करून झोपले होते. शिफ्टवाल्याच्या घराचे कायदे असतात. माणूस झोपला की कुकरची शिट्टी नाही, मिक्सर नाही आणि मिरचीची फोडणी तर नाहीच, झोपेत ठसका लागतो. ताई इतकी वर्षं अशी पावलं न वाजवता जगून राहिली आहे. माझं डोकंच फिरलं. पण ग्रॅनोल्याला हे घर फिट होतं, त्याला ना शिट्टी लागते ना फोडणी.

दुपारी आम्ही सुपेल्याच्या बाजारात गेलो. तिथल्या गर्दीत जीव मुठीत धरूनच रस्ता ओलांडायचा. ओट्स, बदाम, जवस, तीळ, भोपळ्याच्या बिया, गूळ, सगळं एकाच किराणा दुकानात मिळालं. बदाम चाखून घ्या, खवट माथी मारतात. येताना ठेल्यावर गरम उडदाचे बडे, म्हणजे आपले वडेच, खाल्ले, सोबत टमाटरची चटणी. ती मात्र चुकवू नका.

घरी ओव्हन नाही, म्हणून जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर आधी ओट्स, मग बदाम आणि बिया भाजल्या. गुळाच्या पाकात तूप सोडून सगळं कालवलं आणि परातीत थापलं. पूर्ण गार होईपर्यंत हात लावायचा नाही, नाहीतर नुसता भुगा होतो. थांबलो तेवढ्यात ताई किती बोलली, दबक्या आवाजात का होईना! बरणी गच्च भरली. दूध ओतायचं आणि खायचं, चहाइतकेही कष्ट नाहीत. ड्युटीवर निघण्याआधी भाऊजींनी वाटीभर खाऊन पाहिलं, मान डोलावली आणि म्हणाले, जा मग, राहून ये. ताईने लगेच बॅग काढली. मी मनातल्या मनात पेढे वाटले.

सकाळी भाऊजी शिफ्टवरून आले ते रिकामी बरणी घेऊन. मोठ्या खुशीत होते. सगळ्या शिफ्टने खाल्लं म्हणे, फोरमननेसुद्धा.

"हर हफ्त्याले एक बरणी मागून राहिले सगळे," ते म्हणाले. "मी सांगून टाकलं, शोभा देईन."

मी म्हटलं, भाऊजी, ते तुमच्या नाश्त्याचं होतं, ताईला माझ्यासोबत यायचंय. ते म्हणाले, मग बनवेल कोण? आणि झोपायला गेले.

मी ताईकडे पाहिलं. ती बॅगेतल्या साड्या परत कपाटात लावत होती.

"एवढ्या लोकांत सांगून आले ते," ती म्हणाली. "आता मी गेली तं त्यांची जबान जाते न."

वर ती थोडी खूशही होती. इतक्या वर्षांत तिच्या हातचं कोणी मागितलं नव्हतं. मला तेच जास्त लागलं. मी भांडले नाही, कारण आवाज करायचा नव्हता.

संध्याकाळच्या गाडीने एकटीच परतले. बहिणीला सोडवायला गेले आणि तिच्या गळ्यात आणखी एक काम बांधून आले. परवा तिचा फोन आला, आता दुसऱ्या शिफ्टचे लोकही मागतात. कृती सगळ्यांना वर दिली आहे, चव उत्तम येते. मला मात्र तो घास उतरत नाही.

आईचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी बांधून ती पडली होती आणि दार वाजलं की तिकडे मान वळवायची.

"शोभा कावून नाही आली?"

"शिफ्ट आहे, आई."

"जवायाची?"

"नाही. तिची."