दिव्यांना पडलेलं खळं

आमच्या मालकांच्या डोक्यावर परिणाम झालेला नव्हता.

आज त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. वरचं पहिलं वाक्य मी पहिल्यांदाच खात्रीने लिहितेय.

ते मूळचे कोडोलीचे. नाताळात आम्ही कोल्हापूरहून स्कूटरवर तिकडे जायचोच. त्यांचे बालमित्र शांतवनभाऊजी तिथेच राहतात. भाऊजींच्या गल्लीत नाताळाला घरोघरी दिव्यांच्या चांदण्या आणि माळा लागतात, त्यांचे फोटो काढायचा मालकांना भारी नाद.

"आभाळ निळं हाय तोवरच काढायचा. मागनं नुस्तं काळं येतंय."

हात हलू नये म्हणून कॅमेरा स्कूटरच्या सीटवर ठेवायचे. श्वास रोखायचे. मलाही रोखायला लावायचे. मी का, ते कधी कळलं नाही.

शेवटच्या नाताळात मात्र एकही फोटो त्यांच्या मनासारखा येईना.

"ह्यात खळं आलंच न्हाय."

"कसलं खळं?"

"अगं, चंद्राला पडतंय तसं. प्रत्येक बल्बाला हाय की! रंगीत!"

मला काही दिसेना. शांतवनभाऊजी हसले, "अरं पावण्या, दहा रुपयाचा बल्ब हाय त्यो. चंद्र न्हवं."

मालक हसले नाहीत. "तुम्ही दोघं आंधळी हायसा," म्हणाले आणि कॅमेऱ्यालाच शिव्या घालू लागले.

मी आणि भाऊजी एकमेकांकडे बघत राहिलो.

कारण माझे सासरे म्हातारपणी भिंतीवर बैल बघायचे. त्यांना वैरण घाला म्हणून रडायचे. मालक आयुष्यभर एकाच गोष्टीला भ्यायले: "माझं आबांसारखं होऊ नये."

मुलाने मेंदूच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली. त्याआधीच मालक झोपेत गेले. हार्ट.

लोक म्हणाले, सुटले बिचारे. मीही मान हलवली.

पण मनात किडा राहिला. वाचनालयातून म्हातारपणातल्या आजारांवरची पुस्तकं आणली. वाचेन ते त्यांना लागू पडायचं. चष्मा कुठे ठेवला ते विसरायचे, तेही मी त्यातच धरलं. चष्मा तर ते लग्नापासून विसरत होते.

यंदा दिवाळीत गॅलरीत आकाशकंदील लावला.

कंदिलाला खळं होतं. रंगीत.

म्हटलं, आता माझी पाळी.

मुलगा आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. तरुण मुलगी होती. तपासून म्हणाली, "मोतीबिंदू आहे मावशी. रात्री दिव्याभोवती अशी कडी दिसतात."

"आणि डोकं?"

"डोक्याला काय झालंय?"

मी तिला मालकांचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी त्यांना तपासलेलं नाही. पण तुम्ही सांगताय ते अगदी मोतीबिंदूसारखंच आहे."

मी तिथेच रडायला लागले. तिला वाटलं, ऑपरेशनला घाबरले. म्हणाली, "दुखत नाही हो."

ऑपरेशन नाताळानंतर ठेवायला सांगितलं. या डोळ्यांनी एकदा कोडोली बघायची होती.

परवा गेले. आभाळ निळं होतं. भाऊजींच्या दारातली चांदणी लागली, माळा लागल्या. काय सांगू! एकेक बल्ब फुलासारखा उमललेला. मालक हेच दाखवत होते.

त्यांचाच कॅमेरा कंपाउंडच्या भिंतीवर ठेवला. श्वास रोखला. फोटो काढला.

भाऊजी डोकावले. "आलं का खळं?"

"नाही. नुसते बल्ब."

"आन् तुला दिसतंय?"

"हे एवढं मोठं."

भाऊजींनी डोळे बारीक करून चांदणीकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजे गडी बरोबर हुता की."

पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे. मग मलाही खळं दिसणार नाही. चालेल.

अहो, तुमचा कॅमेरा चांगलाच होता. त्याला मोतीबिंदू नव्हता, एवढंच.

आणि तुमचं आबांसारखं झालं नव्हतं. शेवटपर्यंत तुम्ही तुम्हीच होता.

आता निवांत असा. मीही आहे.