मागच्या खोलीतलं ताट

"चावी दे, आई."

"न्हाय देनार."

"साडेदहा वाजलेत. एक वाजता माणसं दारात उभी राहतील. चादरी बदलायच्यात, कल्पिताला फरशी पुसायचीय..."

"पुढच्या तीन खोल्या तुज्या. मागची माज्या लेकीची हाय."

"लेक येत नाहीये! किती वेळा सांगू? पोरांचे क्लास आहेत, जमणार नाही म्हणाली. आता रिकाम्या खोलीला हार घालून बसू का मी?"

"मला न्हाय सांगितलं तिनं."

"मला सांगितलं ना!"

"तू जलमाला घातलंस काय तिला?"

दीपेशनं कपाळावर हात मारून घेतला. पंचवीस डिसेंबरची सकाळ. मुरुडच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागलेली, आणि कोळीवाड्याच्या टोकाला, माडांच्या सावलीतल्या घरात मायलेक चुलीच्या दोन बाजूंना उभे. नीराबाईच्या एका हातात कोयता, समोर फळीवर ताज्या मासळीचा, बांगड्यांचा ढीग. चावी कमरेला खोचलेली. दीपेशची नजर चावीवर, चावीवाल्या बाईची नजर बांगड्यावर.

"दिप्या, त्या खोलीत दोन्ही नातवंडांचा पाळना बांदला मी. ती कडी अजून हाय छताला."

"आहे ना. तिला करवंटीचा दिवा लावलाय मी. लोक फोटो काढतात त्याचा."

"काडू देत. इनिता आली तर कुठं निजंल?"

"आई!" आता त्यानं आवाज खाली आणला. गिऱ्हाइकाशी बोलताना आणतो तसा. "ऐक. चांगली माणसं आहेत. चार जणं, त्यात दोन मुलं. सुचिता नाव आहे बाईचं. आणि बुकिंग करताना कल्पिताला काय म्हणाली सांगू? गुरुवारी आम्हाला मासे नकोत. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार आहे, कांदा-लसूण नसलेलं साधं जेवण द्या. मुरुडला येऊन मासे नको म्हणणारं गिऱ्हाईक पाहिलंयस कधी?"

कोयता थांबला.

यंदा नाताळ बुधवारी आला होता आणि दुसऱ्याच दिवशी नीराबाईच्या घटाचा शेवटचा गुरुवार. महिनाभर दर गुरुवारी तिच्या हाताला मासळी लागली नव्हती. दीपेशनं किती चिडचिड केली, तरी त्या दिवशी पर्यटकांच्या ताटात वालाचं बिरडंच पडलं. उद्या पाच सवाष्णींना हळदीकुंकू द्यायचं होतं. पाखाडीतल्या, म्हणजे आळीतल्या, चौघी बोलावून झाल्या होत्या. पाचवी तिनं कुणाला सांगितली नव्हती. ती जागा विनितासाठी ठेवली होती. शाळेची सुट्टी आणि शेवटचा गुरुवार असे एकत्र कधी येतात? लेक समोर बसेल, तिच्या कपाळाला कुंकू लावायचं, मग दोघींनी एका पंगतीला बसून जेवायचं. एवढाच बेत.

"मुंबईला पाळतात व्हय अजून गुरुवार?" ती म्हणाली.

"हीच तर पाळतेय."

नीराबाईनं कमरेची चावी काढून फळीवर ठेवली. मासळीच्या पाण्यात. "घे. पन माज्या हातानं न्हाय दिली मी. तू उचललीस."

दीपेशनं ती उचलली, शर्टाला पुसली आणि बर्फ आणायला गाडी घेऊन निघून गेला.

नीराबाई एकवीस वर्षं डोक्यावर पाटी घेऊन मुरुडच्या बाजारात बसली. तिचा नवरा, सदा, आधी दुसऱ्याच्या बोटीवर, मग स्वतःच्या छोट्या होडीवर, मग गुडघे गेल्यावर घरी. बाजारात तिच्याशी घासाघीस करायला बायका घाबरत. पापलेटाला कुणी बोटानं दाबून पाहिलं की ती म्हणायची, "बाई, जावई बगायला आलीस काय?" जेवणाचा धंदा मात्र तिनं सुरू केलाच नाही, तो घरात शिरला. बारा वर्षांपूर्वी अशाच नाताळच्या दिवशी गावातली सगळी हॉटेलं भरली आणि एक जोडपं भुकेलं पोर घेऊन वासावर तिच्या दारात आलं. तिनं घरच्यांसाठी केलेलं कालवण त्यांना वाढलं. घरच्यांनी त्या दिवशी सुकट-भाकरी खाल्ली. मग त्या जोडप्यानं कुणाला सांगितलं, त्यांनी आणखी कुणाला. दीपेशनं तळोज्याच्या कंपनीतली नोकरी सोडली, खोल्या बांधल्या, पाटी लावली. "नाताळ आपला सन न्हाय," नीराबाई म्हणायची, "पन आपल्या चुलीला नाव त्यानंच दिलं."

त्या बारा वर्षांत एक गोष्ट ठरूनच गेली. नाताळच्या आठवड्यात घरातली माणसं उभ्यानं जेवतात. दुपारी चारला, उरलेलं. कुणी ओट्याला टेकून, कुणी मोरीच्या उंबऱ्यावर.

विनिता गेली चार वर्षं या आठवड्यात आलीच नव्हती. उलव्याला राहते, नवरा विपुल बंदरातले कंटेनर वाहणारे दोन ट्रेलर चालवतो. यंदा तिनं दिवाळीतच सांगितलं होतं, आये, नाताळात येते, पोरांना आठ दिवस सुट्टी आहे. आणि मग पंधरा दिवसांपूर्वी दीपेशनं निरोप आणला, ती येत नाही. नीराबाईला राग आला तो न येण्याचा नव्हता. मला का नाही सांगितलं? भावाला कसलं सांगते? तिला गरज असेल तर करील फोन. पंधरा दिवस ती फोनकडे बघत राहिली. फोन वाजला नाही, तिनंही लावला नाही.

एक वाजता पंगती सुरू झाल्या. जेट्टीवर सुरमई कमी आली होती म्हणून आज थाळीत अख्खा तळलेला बांगडा. नीराबाई मागच्या चुलीपाशी, घामानं निथळलेली. वाढायला सून कल्पिता; दीपेश बर्फ घेऊन अजून गाड्यांच्या रांगेत अडकलेला, म्हणून आलेल्यांना खोल्या दाखवल्या त्याही तिनंच. आज कल्पिताचं काहीतरी बिनसलं होतं. दोन वेळा मीठ घेऊन आली, एकदा रिकामं ताट घेऊन गेली आणि तसंच परत आणलं.

"काय गो, चित्त कुठं हाय तुजं?"

"कुठे काय, आई. मागच्या खोलीत एक पान द्यायचंय. बाई एकटीच आहे, नवरा मुलांना घेऊन समुद्रावर गेलाय. ती म्हणते खोलीतच जेवते."

"ने. बांगडा मोठा दे. गुरुवारवाली हाय ना ती?"

"हो," कल्पिता म्हणाली आणि जवळजवळ पळालीच.

तीनच्या सुमारास उष्टी ताटं मोरीवर आली. नीराबाई ती स्वतःच घासायला बसते, त्याला कारण आहे. कुणी काय टाकलं ते तिला बघायचं असतं. पर्यटकांचा बांगडा ती बघते तेव्हा तिला मासळीचीच दया येते. पोटातून उकरलेला, पाठ तशीच, डोकं शाबूत, डोळे वर. "पैसं देऊन उपाशी उठतात बिचारी," ती पुटपुटते.

पहिलं ताट उकरलेलं. दुसरं उकरलेलं. तिसऱ्यात पोरानं बांगड्याला भात पांघरलेला.

चौथं ताट तिनं हातात घेतलं, आणि नळ वाहत राहिला.

डोकं चोखून पांढरं केलेलं. मधला काटा अख्खा, त्याला मांसाचा कण नाही. बारीक काटे ताटाच्या कडेला एका ओळीत, फणीच्या दातांसारखे. आणि शेपटी डोक्यावर आडवी ठेवलेली.

असं जेवायला सदानं लेकीला शिकवलं होतं. काटे ओळीत लावायचे, म्हणजे एकही घशात गेला नाही हे डोळ्याला दिसतं. शेवटी शेपटी डोक्यावर, म्हणजे हिशेब मिटला. अख्ख्या पाखाडीत असं खाणारी माणसं दोनच.

ती ताट घेऊन उठली. पाय ओले, पदर ओला. ओटीवर सदा जाळ्याचा फाटका कोपरा मांडीवर घेऊन बसला होता. तिनं ताट त्याच्यापुढं धरलं.

"ह्ये बगा."

सदानं बघितलं. जाळ्यातली सुई तिथंच राहिली. तो म्हणाला, "म्या अजून जेवलो न्हाय, नीरा."

"कल्पिता!"

कल्पिता दारातच होती. रडवेली. "आई, मला ताईंनीच गप्प बसायला सांगितलं. मी ह्यांनाही काही बोलले नाही. सुचिताताई त्यांच्या शेजारच्या आहेत, त्यांनी फोन केला, मी घेतला. मला वाटलं..."

तिला काय वाटलं हे ऐकायला नीराबाई थांबली नाही.

मागच्या खोलीचं दार उघडंच होतं. करवंटीच्या दिव्याखाली, पलंगाच्या काठावर विनिता बसली होती. पाव्हण्यासारखी, पिशवी मांडीवर घेऊन.

"सोलकढी चांगली होती," ती म्हणाली. "भाकरी जरा गार आली."

नीराबाई ताट हातात घेऊन उंबऱ्यापाशी उभी राहिली.

"कवा आलीस?"

"एक वाजता. बुकिंग हाय आमचं, तीन रात्रींचं. सगळे पैसे भरलेत, पावती दाखवू?"

"इनिता..."

"घरात लेकीला जागा न्हाय, गिऱ्हाइकाला हाय. म्हटलं, मग गिऱ्हाईक होऊन जाऊ."

"कोन म्हनलं जागा न्हाय?"

"तू."

"मी?"

"दिप्याचा फोन आला. म्हनाला, आयेनं सांगितलंय, नाताळात पोरं पायात येतात, जानेवारीत ये." विनितानं मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली. "माजी पोरं, आये. तुज्या पायात येतात?"

नीराबाई उंबऱ्यावर बसली. ते शब्द तिचेच होते. गेल्या मे महिन्यात पर्यटकांची पोरं गरम तेलाच्या कढईभोवती धावत होती तेव्हा ती ओरडली होती, पोरं पायात येतात, बाहेर काढा त्यांना! दीपेश तिथंच उभा होता. ते शब्द त्यानं उचलून ठेवले होते, आणि नेमके कुठं नेऊन टाकले!

"मला म्हनाला, तूच येत न्हाय. क्लास हायेत पोरांचे."

"कसले क्लास? धाकटी पहिलीत हाय!"



"मग फोन का न्हाय केलास?" नीराबाई एकदम उसळली. "आय मेली होती काय तुजी?"

"तू केलास?"

नीराबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"आनि गुरुवारचं? ते तूच सांगितलंस?"

"पाच लागतात ना तुला," विनिता खाली बघत म्हणाली. "म्हटलं, गिऱ्हाईक म्हनून तरी घटासमोर बसवशील."

बाहेर गाडी थांबली. दीपेश खांद्यावर बर्फाचं पोतं घेऊन वाडीतून आला. "आई, इथे काय बसलीस? पाहुण्यांना त्रास..." तो बोलता बोलता थांबला. पोत्यातलं पाणी त्याच्या पाठीवरून ओघळत होतं.

"ताई?"

"सुचिता म्हना," विनिता म्हणाली. "बुकिंग त्याच नावावर हाय."

त्यानं पोतं खाली टाकलं. आधी बायकोकडे बघितलं, मग बापाकडे, जो जाळं तसंच ओढत ओटीवरून इथवर आला होता. मग आईकडे. तिच्याकडे त्याला नीट बघता येईना.

"ऐका माझं. वर्षात हे पाचच दिवस असतात. या पाच दिवसांवर आख्खा पावसाळा निघतो. मी एकटा धावतोय सकाळपासून रात्रीपर्यंत. ताई जानेवारीत आली असती तर काय बिघडलं असतं? मला वाटलं, तुम्हा दोघींना सरळ सांगून पटणार नाही. म्हणून..."

"म्हनून माज्या तोंडानं बोललास," नीराबाई म्हणाली. आवाज इतका हळू की तो तिचा वाटेना. बाजारात एकवीस वर्षं ओरडलेल्या बाईचा तर नाहीच. "माज्या लेकीकडून खोलीचं पैसं घेतलंस तू?"

"मला काय माहीत ती आहे म्हणून!"

"आनि तिला गार भाकरी वाडली मी."

सदा पलंगापाशी गेला आणि लेकीच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला. जाळ्याचं एक टोक अजून त्याच्या मुठीत होतं.

नीराबाई उठली. ताट दीपेशच्या हातात दिलं. त्यानं ते घेतलं, काय म्हणून घेतलं ते त्यालाही कळलं नसावं. मग तिनं दाराला लटकलेली चावी काढून कमरेला खोचली, पायरीवरच्या विनिताच्या चपला उचलून तिच्यापुढं ठेवल्या.

"पोरं कुठशी गेली?"

"पुढं. सुरूच्या झाडांपाशी."

"चल."

"आई," दीपेश म्हणाला. ताट अजून त्याच्या हातात. "रात्रीची चौदा पानं आहेत. माणसांना शब्द दिलाय मी. कोण रांधणार?"

विनितानं चपला घातल्या.

"आई, मी विचारतोय."

नीराबाई पायरी उतरली. ओल्या पायांना वाळू लागत होती. हात पदराला पुसत, मागं न बघता, ती माडांमधून समुद्राकडे चालू लागली.