रेज, रेबीज आणि ढवळी गाय

तमाम वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की इंग्रजीतला 'रेज' हा शब्द, म्हणजे माणसाला बेभान करणारा संताप, आणि रेबीज हा रोग, ही एकाच घरातली भावंडं आहेत. ही घोषणा मी प्रथम दाभोशाजवळच्या एका पाड्यावर, गोठ्यातल्या शेणात उभा राहून, रेंजसाठी मोबाइल डोक्यावर धरून केली. श्रोते चार. फोनच्या स्पीकरवर माझे साहेब, समोर लहानू, त्याची बायको यमुना आणि त्यांची ढवळी गाय.

मी पशुवैद्य आहे. ढवळी दोन दिवस खात नव्हती. तोंडातून लाळेच्या तारा, हंबरणं घोगरं, मागचे पाय लटपटत होते.

"सर, मला रेबीजचा संशय आहे."

"ॲनिमल फ्युरिअस आहे का?"

"नाही सर. शांत आहे."

"अंगावर येते?"

"नाही."

"मग रेबीज कसला? चोक असेल. घशात हात घालून बघ, कोय अडकली असेल."

तेव्हा यमुना हळूच म्हणाली, "मी घातला ना काल. काय नाय सापडलं."

तिने हात पुढे केला. कोपराच्या खाली गाईच्या दाढांनी सोलवटलेलं होतं.

रेबीज हा शब्द मुळात लॅटिन. त्या लॅटिन शब्दाचा अर्थ वेड, उन्माद, आणि पिसाळल्या कुत्र्याचा रोगही. फ्रेंच लोक तर या रोगाला अजून 'राज'च म्हणतात, आणि इंग्रजांनी तिथूनच 'रेज' उचलला. त्यामुळे पिसाळणं म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे चवताळलेलं जनावर येतं. पण या रोगाचा दुसरा प्रकार आहे, आम्ही त्याला डंब म्हणतो, मुका. त्यात जनावर भांडत नाही. त्याचा घसा लुळा पडतो, गिळता येत नाही, आणि बघणाऱ्याला वाटतं काहीतरी अडकलंय. लाळेतून रोग जातो तो अशाच मायाळू हातांत.

हे सगळं मी साहेबांना ऐकवलं.

"भाषण पुरे. रिपोर्ट येऊ दे, मग बघू."

"सर, नमुना मेंदूचा लागतो. तो गाय मेल्यावर. आणि या बाईला एकदा लक्षणं दिसली, तर मग औषध नाही."

"मग घेऊन जा तिला दवाखान्यात."

यमुना मात्र हलेना. "भाताचा राब पेरायचाय, डॉक्टर. आन् तिनं मला चावलं थोडंच?"

लहानू म्हणाला, "कुत्रं पिसाळतं. गाय कशी पिसाळंल?"

"कुत्रं आलं होतं का कधी?"

तो म्हणाला, "आलं व्हतं एक उपरं. ढवळीच्या नाकाला डसलं. घाव बरा झाला तो."

मी साबण काढला आणि कोपऱ्यातला हंडा उचलला.

"अवो, प्यायचं हाय ते!" यमुना ओरडली. "झऱ्यावरून आणलंय."

मी पूर्ण हंडा तिच्या हातावर ओतला. साबण लावून बराच वेळ जखम चोळली. ती माझ्याकडे बघत होती. रेज म्हणजे काय, ते त्या घरात फक्त तिच्या डोळ्यांत दिसत होतं. तसंच तिला जीपमध्ये बसवलं. लहानूला सांगितलं, गाय बांधून ठेव, लाळेला हात लावू नको, जवळ कुणाला जाऊ देऊ नको.

जव्हारच्या दवाखान्यात जखमेच्या भोवती सुया टोचल्या, दंडावर लशीची वेगळी. पुढच्या तारखा दिल्या. तिने "हूं" केलं. त्या "हूं"वर माझा विश्वास नव्हता, म्हणून प्रत्येक तारखेला मोटरसायकल घेऊन मीच दारात उभा राहिलो. दर वेळी शिव्या खाल्ल्या. सगळे डोस झाले. यमुना धडधाकट आहे.

ढवळी मात्र पहिल्या सुईच्या दुसऱ्याच दिवशी गेली. मागाहून मेंदूच्या नमुन्याचा रिपोर्ट आला, रेबीजच. त्याचा आनंद करावा असं काही त्यात नव्हतं. जनावराचा स्वभाव बघून निदान करू नये आणि उघडा हात कुणाच्या घशात घालू नये, एवढंच मी हल्ली सगळ्यांना सांगतो.

ढवळीला पुरलं त्या दिवशी खोल खड्ड्यात चुना टाकला. लहानू माती लोटत होता. यमुना मी सांगितलेल्या अंतरावर उभी होती, सुया टोचलेला हात पोटाशी धरून. मग एकदम मोठ्यांदा म्हणाली,

"राग तरी करायचा व्हता गं तू! आम्ही लांब तरी ऱ्हायलो असतो!"