आईला घाई नव्हती

तीन वर्षं माझा देवीवर रोष होता. तुमसरकडचं गाव सोडून भिलाईला आलो तेव्हा मी दोन माणसांचं ओझं एकटा उचलणारा गडी होतो. कारखाना उभा राहत होता आणि मी भट्टीच्या लोखंडी सांगाड्यावर उंच चढून बोल्ट आवळायचो. मग पोटाचं सुरू झालं. दिवसातून दहा-बारा वेळा जावं लागे, रक्त पडे. आव समजून औषध घ्यायचो, बरं वाटलं की सोडायचो, महिन्याभरात पुन्हा तेच. पण रक्तापेक्षा मला थकव्याची लाज वाटे. रक्त कुणाला दिसत नव्हतं, थकवा दिसायचा. रात्रभर झोपून उठलो तरी सायकलवर टांग टाकताना पाय जड व्हायचे. फोरमन म्हणायचा, "इतना जवान आदमी, और बैठने की जगह ढूँढता है." काम जाईल या भीतीने मी गप्प राहिलो.

एका सकाळी माझ्या हातातला पाना सुटला. खाली घमेलं घेऊन चाललेल्या एका मजूर बाईच्या पुढ्यात, हातभर अंतरावर तो मातीत रुतला. तिने वर पाहिलं आणि घमेलं सावरून पुढे गेली. मी सांगाड्याला मिठी मारून बसून राहिलो. देवी माझ्याकडे पाहत नाही, याची त्या दिवशी मला खात्रीच पटली.

तरीही पुढच्या रविवारी मी डोंगरगडला निघालो. आदल्या दिवसापासून अन्न सोडलं होतं. एकदाही न बसता सगळ्या पायऱ्या चढायच्या आणि डोंगरावरच्या बमलाई देवीला विचारायचं, बरं करतेस की नेतेस? बायको शांता दारात म्हणाली, "उपाशी काहून जाता? आई काय तुमाले उपास मागून राहिली का?" मी चपला घालून निघालो.

अर्ध्या वाटेच्या आतच डोळ्यांपुढे अंधारी आली. झाडीत दोनदा जाऊन आलो होतो, पुन्हा रक्त पडलं होतं. मी कडेच्या कातळाला टेकून उभा राहिलो, पण बसलो नाही. तेवढ्यात बाजूच्या पायरीवर टेकलेले एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "बसा ना, भाऊ. मी दहा पायऱ्या चढतो अन् बसतो. आईले काही घाई नाही."

ते रेल्वेत गार्ड होते, आता निवृत्त होऊन नागपूरला राहत. त्यांच्या आवाजात असं काही होतं की मी त्यांच्या शेजारी बसलो. कुणालाही न सांगितलेलं सगळं मी त्यांना सांगितलं. त्यांनी धीर दिला नाही, प्रश्न विचारले.

"बरं वाटलं का औषध मधातच सोडता?"

"हो, काका."

"सांधे दुखतात? गोळ्या खाता?"

"गुडघ्यासाठी रोज खातो."

"घरात कोणाले होतं असं?"

मला आत्या आठवली. तिशीतच सुकून सुकून गेली. नजर लागली, म्हणत सगळे.

"मलेही हेच हाये," ते म्हणाले. "हे आव नाही. आतडं सुजते आतून. अन् हा थकवा आळस नाही, भाऊ, तोही बिमारीच हाये. लढा, पण आपल्याच अंगाशी नका लढू." मग डब्यातली भाताची पेज त्यांनी माझ्यापुढे धरली. देवीच्या डोंगरावर माझा उपास असा सुटला.

दहा पायऱ्या, मग बसणं. वर पोहोचायला दुपार झाली. गाभाऱ्यासमोर मी विचारायला आणलेलं काही विचारलं नाही, नुसता हात जोडून बसलो. दर्शनाच्या गर्दीत काका दिसेनासे झाले. त्यांना गाडी गाठायची असेल. वाटेत त्यांनी सांगितलेल्या नागपूरच्या डॉक्टरांचं नाव मात्र माझ्या ओठांवर होतं.

नागपूरच्या त्या डॉक्टरांनी तपासून तेच सांगितलं. रक्त चढवलं, गुडघ्याच्या गोळ्यांनी आतडं आणखी बिघडतं म्हणून त्या बंद केल्या, आतड्याच्या गोळ्या बरं वाटलं तरी चालू ठेवायला बजावलं. "हा आजार चिवट आहे. पुरता जाईल असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले. परत आल्यावर मी सरळ फोरमनपुढे उभा राहिलो आणि पान्यासकट सगळं सांगितलं. त्याने वर सांगाड्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "पहले बोलना था." मला खाली हत्यारं वाटण्याचं काम मिळालं.

आजार दोनदा उलटला. रक्त थांबलं तेव्हाही थकवा कधी कधी राहिलाच. पण मी औषध सोडलं नाही, आणि जमत नसेल त्या दिवशी "आज नाही होत" असं म्हणायला शिकलो. हे तीन शब्द म्हणायला मला डोंगर चढण्याहून जास्त बळ लागलं.

आम्ही उभारलेली भट्टी पेटली त्या दिवशी सगळे सोबती तिकडे गेले. माझं अंग उठत नव्हतं. शांता म्हणाली, "तुमी नाही जात?" मी म्हणालो, "झोपतो." तिने खिडकी लोटली. दुरून लोकांचा जयघोष ऐकू येत होता. आई, पाना सुटला तेव्हाही तू पाहत होतीस, एवढंच मनात म्हणालो आणि भर दुपारी, कुणाचीही लाज न वाटता, गाढ झोपलो.