साडूंचा दरवान

समोरच्याचं बोलणं मधेच तोडणं म्हणजे ब्रह्महत्येइतकं पाप, असं मानणारा या पृथ्वीवर आज एकच माणूस उरला आहे, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझ्या पत्रिकेतलं भाग्यस्थान. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे हे यजमान. मूळचे धरमतर खाडीकडचे, मिठागरवाल्या घरातले. आता रोह्याला लागून वरसे गावात फ्लॅट घेऊन घरबसल्या कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहितात. घरबसल्या, म्हणजे दार सताड उघडं टाकून. वरश्यात रोज एक नवी इमारत उभी राहते आणि सगळ्या दिसायला सारख्या, त्यामुळे पत्ता चुकलेल्या माणसांचा तिथे तुटवडा नाही. ती सगळी साडूंकडे पोचतात. "आपण कोण?" असं साडू विचारत नाहीत, कारण तो पाहुण्याचा अपमान. आधी पाणी, मग चहा, मग पाहुण्याचं इत्थंभूत बोलणं, आणि त्यानंतर दिवस शिल्लक असला तर ओळख.

एकदा पुतण्यासाठी मुलगी बघायला निघालेले एक काका असेच चुकून आले. साडूंनी त्यांना बसवलं, पोहे खाऊ घातले, पुतण्याचा पगार, शिफ्ट, रास, नाडी, सगळं मान डोलावत ऐकलं. शेवटी काका म्हणाले, "आता मुलीला बोलवा." साडू म्हणाले, "मला मुलगी नाय. दोन मुलगे हायत." काका भडकले, "मग आधी नाय सांगायचं?" त्यावर साडूंचं अजरामर उत्तर: "तुमचं बोलणं चाललं होतं ना." बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्या एका भामट्याचा फोनही त्यांनी असाच ऐकला. हुं, हुं, पुढं? असं करत इतका ऐकला की शेवटी त्या भामट्यानेच कंटाळून फोन ठेवला. साडूंना वाईट वाटलं. गड्याचं काहीतरी सांगायचं राहून गेलं म्हणाले.

मी या सगळ्याची यथेच्छ टिंगल करत आलो, आणि अजूनही करतो. पण मागल्या वर्षी माझी बायको गेली. लोक भेटायला आले, "देवाची मर्जी" म्हणाले आणि घड्याळ बघून उठले. मला बोलायचं होतं, आणि माझं बोलणं म्हणजे हॉस्पिटलातले तेच ते दिवस, त्याच क्रमाने. दर रविवारी मी एसटीने पेणहून रोह्याला जायचो आणि साडू ते पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे ऐकायचे. त्या रविवारांवर मी तगलो, हे सरळ सांगून टाकतो.

आता मुद्द्याचं. पेणला माझा गणपतीचा कारखाना. आम्ही काही कारखानदारांनी मिळून मूर्तींच्या बुकिंगसाठी एक ॲप करून घ्यायचं ठरवलं आणि काम अर्थातच घरच्या माणसाला दिलं. गावोगावचे दुकानदार त्यात शिरले की त्यांना एक पास मिळायचा. पास म्हणजे अक्षरांची लांबलचक ओळ, मधे दोन टिंबं, म्हणजे एकूण तीन तुकडे. पहिल्यात पास कसला ते, दुसऱ्यात कुणाचा ते, तिसऱ्यात शिक्का. पुढे दर वेळी दारावरचा प्रोग्राम, आम्ही त्याला दरवान म्हणायचो, तो पास टिंबांवर तोडून शिक्का तपासायचा. इथवर झकास. पण दरवान घडवला होता साडूंनी. मग तो साडूंसारखाच असणार! पासात टिंबं किती आहेत हे आधी बघणं त्याच्या सभ्यतेत बसत नव्हतं. जेवढी टिंबं तेवढे तुकडे करायचे, सगळे हारीने मांडायचे, आणि मग पाहुणा खरा की खोटा ते ठरवायचं.

आषाढात, बुकिंग ऐन भरात असताना, कुणा पुण्यवंताने नुसत्या टिंबांचा पास पाठवला. एकही अक्षर नाही, लाखो टिंबं. पाठोपाठ तसेच आणखी. दरवान एकेक रिकामा तुकडा अदबीने मांडत बसला, मांडायला जागा उरली नाही, आणि ॲपने मान टाकली. चोरी नाही, फोडाफोडी नाही. नुसतं ऐकून ऐकून मेलं. खरे दुकानदार बाहेर ताटकळले आणि आम्हाला फोन करकरून शिव्या घालू लागले.

साडू धावत पेणला आले, माझ्या कारखान्यात ओल्या मूर्तींच्या घोळक्यात लॅपटॉप उघडून बसले आणि चूक त्यांनी स्वतःच शोधली. तीन तुकड्यांपुढे चौथा दिसला की पुढचं न वाचताच हाकलायचं, एवढीच दुरुस्ती. "आयला, तुमचा दरवान तुमच्यावरच गेलाय की!" एक कारखानदार सगळ्यांदेखत ओरडला. सगळे हसले. मीही हसलो. साडू हसले नाहीत.

ही दुरुस्ती त्यांनी स्वतःलाही करून घेतली, हे नंतर कळलं. वरश्याचं दार बंद झालं. घंटा वाजवली की आतून "कोण?" येऊ लागलं. विमावाला चहाच्या पहिल्या घोटाआधी परत जाऊ लागला. मेहुणीने फोनवर सांगितलं, "भाओजी, आता माणसाला तीनच वाक्यं देतात. मलासुद्धा!" मी म्हटलं, "उशिरा का होईना, शहाणे झाले." म्हटलं खरं, पण पुढचे दोन रविवार मी काही ना काही कारण काढून पेणलाच राहिलो. रोह्याच्या त्या खुर्चीतही आता घड्याळ बघणारं कुणी बसलं असेल, ही भीती होती.

तिसऱ्या रविवारी गेलो. घंटा वाजवली. "कोण?" नाव सांगितलं. दार उघडलं, पाणी आलं. साडू लॅपटॉपवरून नजर न उचलता म्हणाले, "बोला भाऊ. पण थोडक्यात हां. तीन वाक्यांत."

मी मनात जुळवाजुळव केली. "ही गेली त्याला वर्ष होत आलं. कारखाना चालू आहे. मी बरा आहे."

झाली तीन. मी पिशवी उचलली. साडू जागचे हलले नाहीत. मग त्यांनी लॅपटॉप मिटला, बाजूला सरकवला आणि खुर्ची माझ्यासमोर ओढून घेतली.

"तीन झाली," मी म्हटलं.

"मोजली मी. आता चौथं सांगा."

मी पिशवी खाली ठेवली. म्हटलं, "यंदा मूर्तींच्या अंगाचा रंग जुळत नाहीये हो. तो हीच कालवायची."

बाहेर घंटा वाजली, ती साडूंनी वाजू दिली.