ऐका, अक्कांचे बिबडे

दुकान चालवणाऱ्या घरात किस्से गोळा करावे लागत नाहीत. गिऱ्हाईक वस्तू घेऊन जातं आणि गोष्ट ठेवून जातं. जळगावात मेहरूणला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत बिबड्यांचं दुकान इतकी वर्षं चाललं, तेव्हा किती गोष्टी साठल्या असतील ते तुम्हीच समजा. परवा पुतणीने विचारलं, "काकू, तुमचं पेज नव्हतं, रील नव्हती, मग लोकांना कळायचं कसं?"

म्हटलं, बस. चहा ठेवते.

खानदेशाबाहेरच्यांसाठी आधी सांगते. बिबडा म्हणजे आमचा ज्वारीचा पापड. ज्वारी भिजवायची, दळायची, लसूण-मिरची-तीळ घालून शिजवायची आणि गच्चीवर कापडावर थापून कडक उन्हात वाळवायची. धंदा अक्कांचा. अक्का म्हणजे माझ्या नणंद, ह्यांच्या थोरल्या बहीण. ह्यांची नोकरी सुटली आणि घरात दुसरं साधन उरलं नाही, तेव्हा त्यांनी पदर खोचला. मी पिशव्या भरायचे आणि घाबरायचे. दोन्ही कामं मला चांगली जमायची.

*

सुरुवातीला कोणी यायचंच नाही. आमची गल्ली आतली. दारावर पाटी लावली, ती फक्त शेजारच्यांनी वाचली. ह्यांचा चेहरा दिवसेंदिवस उतरत चालला होता.

एका संध्याकाळी अक्कांनी शेगडी उचलली आणि गल्लीच्या तोंडाशी नेऊन ठेवली. मेहरूणच्या तलावावर फिरायला गेलेली माणसं त्याच रस्त्याने परतायची. अक्का निखाऱ्यावर बिबडे भाजायच्या, वर तेल आणि लसणाची चटणी लावायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात तुकडा द्यायच्या. कोणी किंमत विचारली की म्हणायच्या, "आज फक्त खा. आज विकायचे नाहीत."

मी त्यांच्या कानाशी लागले, "अक्का, अशानं घर कसं चालायचं?"

"सुमन, विकायला बसलं की लोक रस्ता बदलतात. खायला दिलं की थांबतात."

एक निवृत्त मास्तर रोज थांबायचे. तुकडा खायचे, मान डोलवायचे आणि निघून जायचे. मला त्यांचा मनातून राग यायचा. एक दिवस त्यांच्याबरोबर त्यांच्या बायको आल्या. शेगडीकडे पाहिलं, अक्कांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हे हल्ली रात्रीचं नीट जेवत नाहीत. कुठं खाऊन येतात ते बघायला आले."

बघायला आल्या आणि दोन पाकिटं घेऊन गेल्या. पुढच्या आठवड्यात त्यांची सगळी भिशी आमच्या ओट्यावर बसली होती.

*

मग आले सलीमभाई. त्यांची रिक्षा आणि तिच्यावर भोंगा. सर्कस आली, सेल लागला, कोणाची बकरी हरवली, की गावाला सलीमभाईच सांगायचे. अक्कांनी त्यांना काय बोलायचं ते समजावायला घेतलं, तर ते म्हणाले, "अक्का, पाठ केलेलं मला जमत नाही. आधी खाऊ द्या. मग बोलतो."

खाल्लं आणि जे सुचलं ते असं. चौकात रिक्षा उभी करायची, काही न बोलता माईक तोंडाजवळ धरायचा आणि भाजलेला बिबडा कडाकड चावायचा. तो आवाज चार गल्ल्यांत घुमायचा. पोरं खेळ थांबवायची, बायका खिडकीत यायच्या. मग सलीमभाई शांतपणे म्हणायचे, "ऐकलं? अक्कांचे बिबडे. मेहरूणला मिळतात."

पण ऐन उन्हाळ्यात रमजान आला. विक्रीचे दिवस तेच. सलीमभाई दारात येऊन उभे राहिले. "अक्का, माझा रोजा आहे. बोलेन मी. चावायचं कोणी?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी अक्कांकडे. अक्का डोक्यावर पदर घेऊन रिक्षात बसल्या. पहिल्याच चौकात माईक तोंडाशी आला, बिबडा मोडला आणि मिरची घशात गेली. अक्कांना असा ठसका लागला की थांबेना. भोंग्यातून आख्ख्या वस्तीला ऐकू गेलं, "पाणी... अरे, पाणी..."

दारं उघडली. कोणी तांब्या घेऊन धावलं, कोणी गूळ. सगळे रिक्षाभोवती जमल्यावर सलीमभाईंनी माईक हातात घेतला.

"अक्का बऱ्या आहेत," ते म्हणाले. "बिबडे तिखट आहेत."

*

चोपड्याच्या रस्त्याला केळीच्या बागांमध्ये प्रल्हादनानांचं शेत होतं. रस्त्याला लागून त्यांच्या गोदामाची लांबलचक भिंत. अक्कांना ती भिंत फार आवडली. नानांना विचारलं तर ते म्हणाले, "लिहा की. पण मग माझी केळीची रोपंबी लिहा. दोघांचं काम होईल."

पेंटरने दोन्ही मजकूर रंगवले. हात त्याचा फर्मास, पण जागेचा अंदाज नाही. वर 'अक्कांचे बिबडे', खाली 'केळीची उत्तम रोपे' आणि शेवटी उरलेल्या कोपऱ्यात दोन्ही पत्ते एकाखाली एक, पण उलटे.

झालं. आमच्या दारात शेतकरी ट्रॅक्टर लावून रोपं मागू लागले आणि नानांच्या शेतावर लग्नघरच्या बायका बिबडे मागायला जाऊ लागल्या. ह्यांनी पेंटरला पुन्हा बोलवायचं ठरवलं. तेवढ्यात नानांचाच फोन आला.

"भाऊ, भिंत पुसू नका. पण शंभरेक पाकिटं पाठवून द्या. बाया रिकाम्या हाती परत जातात, बरं दिसत नाही."

नाना शेवटपर्यंत आमचे बिबडे विकत राहिले. आणि रोपं कुठं मिळतात हे सांगण्यात मी इतकी तरबेज झाले, की लागवडीबद्दल विचारलं तरी अडत नसे.

*

एका वर्षी मात्र सगळं बुडायची वेळ आली होती. धरणगावहून चांगली ज्वारी आणलेली, पण गिरणीवाल्याने जात्याच्या दगडाला छिन्नीने नुकतीच टाकी लावलेली होती. दगडाची बारीक कच पिठात उतरली आणि ते आमच्या लक्षात आलं तोवर निम्मा माल गावात गेला होता. जेवताना अक्कांच्याच दाताखाली कचकन आलं. त्यांनी ताट बाजूला सारलं.

सकाळी सलीमभाईंना बोलावणं गेलं. अक्कांनी काय सांगायचं ते सांगितलं, तसे हे ताडकन उठले. "अक्का, ज्यांना कळलं नाही त्यांनाही तू सांगणार? दुकान बंद करायचं आहे का?"

"लहान लेकरं खातात रे," अक्का एवढंच म्हणाल्या.

त्या दिवशी कडाकड चावणं नव्हतं. सलीमभाई प्रत्येक चौकात सांगत फिरले, "अक्कांच्या बिबड्यांत कच लागते आहे. चूक आमची आहे. खाऊ नका. परत आणा, नवीन मिळतील."

आम्ही दोघं घरात दार लोटून बसलो होतो. मला रडू येत होतं. दुपारपासून बायका पिशव्या घेऊन यायला लागल्या. अक्का एकेकीची क्षमा मागून पाकीट बदलून देत होत्या. एक बाई बराच वेळ नुसतीच उभी होती. तिच्या हातात काहीच नव्हतं.

"तुमचे परत आणायचे आहेत का?" मी विचारलं.

"नाही हो, मी कधी घेतलेच नव्हते," ती म्हणाली. "आता द्या. स्वतःची चूक भोंग्यावर सांगणारी बाई आहे तरी कशी, ते बघायला आले."

*

अलीकडची एक गोष्ट. पुण्यात मार्केटिंग शिकणारी एक मुलगी सुटीत आली होती, आमच्या जुन्या गिऱ्हाइकाची नात. तिने अक्कांना तासभर समजावलं: फोटो, व्हिडिओ, फॉलोअर. अक्का मन लावून ऐकत होत्या.

"म्हणजे लोकांना सांगायचं. असंच ना?"

"हो, आजी. तेच."

"मग जेवून जा," अक्का म्हणाल्या, "आणि सांग."

मुलगी जेवली. पेज काही निघालं नाही. पण दर उन्हाळ्यात पुण्याच्या हॉस्टेलवर आमचं एक खोकं जायचं, ते अजून जातं.

*

आता अक्का नाहीत. पण त्यांची आठवण निघाली की मला धुळ्याचा तो दिवस आधी आठवतो.

धुळे अक्कांचं सासर. लग्नानंतर थोड्याच वर्षांत त्यांचा नवरा गेला. सासू म्हणाली, इथंच राहा. अक्कांना काहीतरी काम करायचं होतं, कोणावर भार व्हायचं नव्हतं. शब्दाने शब्द वाढला. सासू म्हणाली, "गेलीस तर या उंबऱ्यात पुन्हा पाऊल टाकू नको." अक्का निघाल्या. दोघीही शब्दाच्या पक्क्या. मग ना येणं, ना जाणं, ना निरोप. अक्कांनी धुळ्यात मालसुद्धा कधी पाठवला नाही.

तिथे बचत गटांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा मीच हट्ट केला. अक्का माझ्यासाठी आल्या. स्टॉलवर खाली मान घालून बिबडे भाजत बसल्या.

दुपारी एक म्हातारी शेजारणीचा हात धरून आली. डोळ्यांना दिसत नव्हतं, हे चालण्यावरून कळत होतं. अक्कांच्या हातातला चिमटा थांबला. "सासूबाई," त्या माझ्याकडे न बघता पुटपुटल्या.

त्यांनी एक तुकडा म्हातारीच्या तळहातावर ठेवला. म्हातारीने तो दाढेखाली धरून सावकाश खाल्ला.

"कोठला शे हाऊ बिबडा?"

"जयगावना शे, आजी," अक्का हळूच म्हणाल्या; अहिराणीत जळगावचं जयगाव होतं.

म्हातारी शेजारणीला म्हणाली, "मना पाय दुखतस. मी अठेच बसस. तू फिरी ये." आम्ही खुर्ची दिली. ती स्टॉलच्या कडेला बसली, काठी मांडीवर आडवी घेतली आणि पुढून पावलं वाजली की हाक मारू लागली.

"अवं बाई, अठे ये. हाऊ बिबडा खाई पाह्य. मनी सूनना हातनी चव शे हाई."

बायका थांबायच्या, हसायच्या, चव घ्यायच्या, पाकीट घेऊन जायच्या. ती पुढच्या पावलांना हाक मारायची. आवाज बसला तरी थांबली नाही. अक्का भाजत होत्या. धुराने असेल, पुन्हा पुन्हा पदराने डोळे पुसत होत्या. दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत.

उन्हं उतरायच्या आत माल संपला. शेजारीण न्यायला आली. बाजूला ठेवलेलं शेवटचं पाकीट अक्कांनी म्हातारीच्या हातात दिलं आणि वाकून पायाला हात लावला. म्हातारीने त्यांचं मनगट धरलं. बोटं चाचपली, अंगठ्यावरचा भाजल्याचा जुना डाग चाचपला. बराच वेळ हात सोडला नाही.

मग म्हणाली, "मीठ आजूनबी कमीच टाकस तू."